बिल्ल्यावर गाव नसतं



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या चौघीजणी पहाटेची एसटी धरून पुण्याला जाऊन आलो. लग्न नव्हतं, दवाखाना नव्हता, कुणाचं बारसंही नव्हतं. आम्ही बाजार बघायला गेलो होतो. घरी सगळ्यांनी विचारलं, "का गं, साताऱ्याला बाजार भरत नाही का?" भरतो की. पण आम्हाला बघायचा होता जुना बाजार, आणि त्यातही मिलिटरीच्या जुन्या वस्तूंची दुकानं. बायका असल्या बाजारात कशाला गेल्या, तिथं काय बघितलं आणि तुमच्या घरातल्या ट्रंकेशी त्याचा काय संबंध, ते आज सांगतो.

सुरुवात झाली दसऱ्याच्या साफसफाईत. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेच्या तळाला धोतराच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी निघाली. आत तीन बिल्ले. एक पांढरा, गोल, रुपयापेक्षा मोठा. एक पिवळा, तोही गोल. तिसरा पिवळ्या धातूचा तारा. वहिनींच्या मालकांचे पणजोबा पहिल्या लढाईला गेले होते, एवढं सासूबाईंच्या बोलण्यात यायचं. त्यापलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं.

वहिनींची लेक नर्सिंगला आहे. फीचा दुसरा हप्ता तोंडावर आलेला. वहिनी बिल्ले घेऊन तालुक्याला सोनाराकडे गेल्या. त्यानं पांढरा बिल्ला तराजूत टाकला आणि म्हणाला, "चांदी आहे, वजनावर घेतो. पिवळ्यांचं काही येणार नाही, मोडीत घाला." वहिनी बिल्ले घेऊन परत आल्या आणि शनिवारच्या बैठकीत त्यांनी ते सतरंजीवर ठेवले. "बायांनो, सांगा, विकू का नको?"

आमच्यातल्या कुणालाच उत्तर देता येईना. वस्तू काय आहे तेच माहीत नाही, तर विकावी की ठेवावी हे कसं सांगणार? मग ठरलं, जिथं असल्या वस्तू विकल्या जातात तिथं एकदा डोळ्यांनी बघून यायचं. बिल्ले सोबत न्यायचे नाहीत, मोबाइलवर फोटो काढून न्यायचे. हे ठरवलं ते बरं झालं. बाजारात हातात माल दिसला की माणूस बोलण्यात गुंतवतो आणि घाई करतो.

बाजार कसा असतो

पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. स्वारगेटला उतरून शहर बसनं गेलो. उघड्यावर, रस्त्याच्या कडेनं पथाऱ्या पसरलेल्या. जुने पाने-पकडी, कुलपं, नळ, मिक्सरची भांडी, बूट, घड्याळं, नाणी, पितळी समया, सगळं काही. पुणं हे छावणीचं गाव. खडकी, देहूरोड, कॅम्प, सगळीकडे लष्कर. त्यामुळं मिलिटरीचा माल इथं पूर्वीपासून दिसतो. ताडपत्री, पिट्टू, जाड बूट, पाण्याच्या बाटल्या. हा झाला वापरायचा माल. तो शेतकरीही घेतात, ट्रेकला जाणारी पोरंही घेतात.

दुसरा माल असतो जमवणाऱ्यांचा. टोपीवरची चिन्हं, खांद्यावरची पितळी अक्षरं, गणवेशाची बटणं, जुने पट्टे, होकायंत्रं आणि मेडलं. हा माल वापरायला कुणी घेत नाही. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी नाणी जमवतं, तसे हे लोक पलटणींच्या वस्तू जमवतात. इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम अशा देशांत तर उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावर नुसत्या लष्करी वस्तूंच्याच जत्रा भरतात. इंग्लंडच्या केंट परगण्यात कित्येक वर्षं भरत आलेली अशी एक जत्रा आहे. तिथं जुन्या मिलिटरी गाड्या रांगेनं उभ्या करतात, तंबू ठोकतात आणि टेबलं मांडून बटणापासून मेडलांपर्यंत सगळं विकतात. महायुद्धांत हिंदुस्थानी पलटणी इंग्रजांच्या बाजूनं लढल्या, म्हणून आपल्याकडच्या शिपायांच्या मेडलांनाही तिकडे गिऱ्हाईक आहे. आपल्या माळ्यावरची वस्तू एवढ्या लांब कशी जाते, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. वाट साधी आहे. घरातून सोनाराकडे किंवा भंगारवाल्याकडे, तिथून शहरातल्या पथारीवर, तिथून जमवणाऱ्याकडे, आणि पुढं हातोहात.

एका पथारीवर आम्हाला बिस्किटाचा पत्र्याचा डबा दिसला. त्यात मेडलं भरलेली, जशी आपल्याकडे शिवणकामाची बटणं असतात तशी. विकणारे काका वयस्कर होते, बोलायला चांगले. आम्ही सरळ सांगितलं, "काका, आम्ही घेणार नाही, पण शिकायला आलोय." ते हसले आणि सरकून जागा करून दिली. म्हणाले, "बसा. पहिली गोष्ट, मेडल तोंडाकडून बघायचं नाही. कडेकडून बघायचं."

कड कशी वाचायची

आपण बिल्ला हातात घेतला की राजाचं तोंड बघतो. पण राजाचं तोंड सगळ्यांवर सारखंच. वेगळं असतं ते कडेला. गोल मेडल उभं धरून उजेडात फिरवलं की कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात. ताऱ्याला तशी कड नसते, म्हणून नाव पाठीमागं असतं.

अक्षरांचा क्रम बहुतेक असा असतो: आधी आकडा, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. आकडा म्हणजे त्या माणसाचा पलटणीतला नंबर. हुद्दा म्हणजे सिपॉय, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, यांची आखूड केलेली अक्षरं. ‘ड्रायव्हर’ असं लिहिलेलं असलं तर मोटार डोळ्यांसमोर आणू नका. त्या काळात तो बहुधा खेचरं किंवा घोडे हाकणारा माणूस असायचा.

शेवटची पलटण आपल्यासाठी महत्त्वाची. इंग्रज कारकून ‘मराठा’ हा शब्द मधे एक जादा ‘ह’ घालून ‘महराट्टा’ असा लिहायचे. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा नंबरांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ साली त्या एकत्र बांधल्या गेल्या. आजची बेळगावची मराठा लाइट इन्फंट्री ती हीच. १९१७ साली १११ नंबरची महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली, आणि पुढं १९४१ साली महार रेजिमेंट नव्यानं उभी राहिली. आपली माणसं खडकीच्या सॅपर्समध्ये, पायोनियर पलटणींत, दवाखान्याच्या तुकड्यांत, खेचरांच्या तुकड्यांतही होती. त्यामुळं ‘महराट्टा’ दिसलं नाही म्हणून आपलं नाही, असं समजू नका.

आता तुमच्या घरात काय निघू शकतं, ते थोडक्यात ओळखून ठेवा.

चांदीचा गोल बिल्ला, एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४ व १९१८ हे आकडे असतील, तर ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. वजन साधारण अडीच-तीन तोळे. हेच मेडल काशाचंही निघतं. ते मजूर तुकड्यांना आणि लष्करासोबत गेलेल्या बिगरलढाऊ माणसांना दिलेलं असतं. काशाचं आहे म्हणून खोटं समजू नका. उलट तो माणूस ओझी वाहून, रस्ते बांधून, लोकांसाठी रांधून आलेला असतो, आणि त्याची आठवण तर आणखीनच कमी ठेवली गेलेली आहे.

पिवळा गोल बिल्ला, त्यावर पंख असलेली बाई, फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची, तर ते विजय मेडल. एकमेकींवरून गेलेल्या दोन तलवारी असलेला तारा हा लढाईच्या सुरुवातीच्या काळात, १९१४-१५ मध्ये, रणांगणावर पोचलेल्यांचा. वहिनींकडे हे तिन्ही होते, म्हणजे त्यांचे पणजेसासरे सुरुवातीलाच गेलेले.

सहा टोकांचा पिवळा तारा असेल तर तो दुसऱ्या महायुद्धाचा. त्यावर आफ्रिका, इटली, बर्मा अशी नावं इंग्रजीत असतात. पाठीवर भारताचा नकाशा असलेलं पांढरट मेडल हे १९३९-४५ चं इंडिया सर्व्हिस मेडल. ते चांदीचं नसतं, तांबं-निकेलचं असतं. इथं एक गंमत ऐका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शिपायांना ही मोहिमेची मेडलं नाव न घालता कोरीच दिली गेली. हिंदुस्थानी शिपायांच्या मेडलांवर मात्र नावं घातलेली आहेत. म्हणजे ज्या बाबतीत आपली माणसं वरचढ ठरली, अशी ही एक बाब.

स्वातंत्र्यानंतरची मेडलं तर आणखी घरांत असतील. १९६५ चं रक्षा मेडल आणि समर सेवा तारा, १९७१ चे पूर्वी तारा, पश्चिमी तारा आणि संग्राम मेडल. यांनाही हेच नियम.

आणि एक वस्तू अशी, की ती मेडल आहे हेच कळत नाही. पितळी-काशाची, बशीएवढी, साडेचार-पाच इंच रुंद जाड चकती. त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह. पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या घरी ही चकती पाठवली गेली. तिच्यावर नाव असतं पण हुद्दा नसतो, कारण मरण सगळ्यांचं सारखं मानलं. अशा १३ लाखांहून जास्त चकत्या घडवल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ६०० बायकांच्या नावच्या आहेत, नर्सिंग आणि अशाच कामांत मेलेल्या बायकांच्या. हे काकांनी चित्र दाखवून सांगितलं, तेव्हा आमच्यातल्या थोरल्या काकू एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या माहेरी असली चकती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती." पुढं ती कुठं गेली, त्यांना आठवत नाही.

कडेवर काय लिहिलेलं नसतं

आम्ही डब्यातलं एक मेडल उचललं. कड फिरवली. आमच्यातल्या बारावी झालेल्या सुनबाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं. आकडा, सिपॉय, मग एक नाव आणि आडनाव. आडनाव आपल्याच बाजूचं. शेवटी महराट्टा. आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. हा माणूस कदाचित आमच्या शेजारच्या गावचा असेल!

काकांना विचारलं, "हे कुठून आलं?"

ते म्हणाले, "भंगारात आलं. किलोवर घेतलेल्या पितळेत निघालं. कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं, ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं."

त्या माणसाचं पूर्ण नाव आमच्या हातात होतं, नंबर होता, पलटण होती. पण गाव नव्हतं. बापाचं नाव नव्हतं. बायकोचं नाव तर नव्हतंच. आपल्याकडे एकेका नावाआडनावाची किती माणसं असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एका तालुक्यात एकाच नावाचे पाच-सात सहज निघतील. मेडल घरात असतं तोवर ते कुणाचं हे सांगायची गरज पडत नाही, घरालाच ते माहीत असतं. घराबाहेर पडलं की त्या दिवसापासून ते कुणाचंच राहत नाही.

आता म्हणाल, सरकारदरबारी नोंद असेल की. आहे, पण सगळ्यांची नाही. पहिल्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली आणि ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. आपल्या मराठा पलटणी मोठ्या संख्येनं गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या पलटणी पुणे डिव्हिजनसोबत कुत नावाच्या गावात वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने अन्न तुटलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. त्यानंतर कैदेत किती तरी मेले.

इराकमध्ये बसऱ्याला या लढाईतल्या मेलेल्यांचं मोठं स्मारक आहे. चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं मात्र दगडावर कोरली नाहीत, पलटणीच्या नावाखाली त्यांचा नुसता आकडा लिहिला. हे चुकलं, असमान वागवलं गेलं, अशी कबुली त्या स्मारकांचं काम बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ साली दिली.

पण त्याच कमिशनच्या नोंदवहीत दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सुमारे १७ लाख माणसांची माहिती आहे, आणि ती इंटरनेटवर फुकट शोधता येते. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. शोधताना एवढं लक्षात ठेवा, नावं इंग्रज कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिलेली आहेत. जाधवचं ‘जाधाव’ झालेलं असतं, भोसलेचं भलतंच काही. शाळेतल्या पोरांना बसवा, दोन-तीन तऱ्हेनं स्पेलिंग करून बघा.

पण मैत्रिणींनो, ही वही मेलेल्यांची आहे. जो माणूस जगला, परत आला, ज्यानं पुन्हा नांगर धरला आणि म्हातारा होऊन घरच्या पडवीत गेला, त्याचं गाव त्या वहीत नाही. वहिनींचे पणजेसासरे परत आले होते. त्यांची गोष्ट फक्त घरच्यांच्या तोंडी आहे, आणि सासूबाई आता ऐंशीच्या पुढं आहेत.

आपल्या बाजूच्या कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेला छोटा दगड असतो. या गावातून इतके लोक लढाईला गेले, त्यांपैकी इतके मेले, असं त्यावर असतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून गावाच्या नावातच मिलिटरी आलं. पण अशा दगडांवरही बहुतेक ठिकाणी आकडाच असतो, नावं नसतात. म्हणजे बघा, दगडावर गाव आहे पण नाव नाही, बिल्ल्यावर नाव आहे पण गाव नाही. दोन्ही जोडणारा माणूस घरातच असतो, आणि तो जिवंत असेपर्यंतच ते जोडता येतं.

किंमत कशाची असते

काकांनी हेही मोकळेपणी सांगितलं. कड घासून नाव गेलेलं मेडल धातूच्या भावानं जातं. नाव आणि पलटण असेल तर जास्त. एकाच माणसाची सगळी मेडलं एकत्र असतील तर आणखी जास्त. त्यासोबत जुना कागद, डिस्चार्जचं सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, फोटो असेल तर त्याहून जास्त. आणि शौर्याचं मेडल असेल तर मग बोलायलाच नको. म्हणजे सोनारानं जो पांढरा बिल्ला ठेवून घेऊन पिवळे मोडीत घालायला सांगितले, त्यात वहिनींचं दुहेरी नुकसान झालं असतं. तीन मिळून जी गोष्ट होती, ती मोडली असती.

चांदीचा भाव वाढला की असली मेडलं आधी वितळतात. १९८० च्या सुमाराला जगभर चांदी भडकली होती, तेव्हा इंग्लंडमधेही असंख्य मेडलं भट्टीत गेली. म्हणून आजही भाव चढला की फेरीवाले गावोगाव फिरून ‘जुने रुपये, जुने बिल्ले आहेत का’ असं विचारायला लागतात. त्यांना उंबऱ्यावरून उत्तर देऊ नका. "घरच्यांना विचारून सांगते" म्हणा आणि वेळ घ्या.

बाजारात खोटा मालही खूप. नवीन ओतलेली मेडलं, मुद्दाम काळपट केलेली होकायंत्रं आणि दुर्बिणी. खोट्याची अक्षरं बुजलेली, गुळगुळीत दिसतात, अंगावर बारीक खड्डे असतात. काही वेळा मेडल खरं पण कडेचं नाव घासून दुसरं घातलेलं. तिथं कड थोडी पातळ लागते, हे बोटालाही कळतं.

घरी काय करायचं, काय करायचं नाही

चिंच, राख, भांड्याची पावडर, काही लावू नका. एकदा घासलं की अक्षरं झिजतात आणि ती पुन्हा येत नाहीत. फीत साबणात भिजवू नका, रंग एकमेकांत उतरतात. भोक पाडून गळ्यातलं पदक करू नका. मऊ सुती कापडात वेगवेगळं गुंडाळा, कोरड्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. सगळी मेडलं आणि कागद एकाच ठिकाणी ठेवा. वाटणी करताना एक बिल्ला थोरल्याला आणि एक धाकट्याला असं करू नका. एकाच्या घरी ठेवा, आणि फोटो सगळ्यांकडे द्या.

आता जिवाची गोष्ट. काही घरांत जुनी काडतुसं, तोफगोळ्याची टोपणं, बॉम्बसारखं काही निघतं. लष्कराच्या गोळीबार मैदानालगतच्या गावांत तर लोक पितळेच्या लोभानं असलं वेचतात. ते भरलेलं आहे की रिकामं, हे बघून आपल्याला कळत नाही. शंभर वर्षांचं जुनं झालं म्हणून ते थंड होत नाही. असं काही सापडलं तर हात लावू नका, हलवू नका, पोरांना लांब करा आणि ११२ वर फोन करा. चार रुपयांच्या पितळेपायी कुणाचा हात जाऊ नये.

बंदूक आणि जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे. तलवार किंवा संगीन घरात असेल, तर विकण्याआधी पोलिस ठाण्यात विचारा. आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो. अशी वस्तू कुणी खासगी माणूस परदेशी पाठवू शकत नाही. ‘फॉरेनला चांगला भाव येतो, तुमच्या वतीनं पाठवतो’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा.

मेडलवरचा नंबर कामालाही येतो. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं तर नाव, नंबर आणि पलटण लागते. माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी, विशेषतः विधवांसाठी, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. १९६५, १९७१ किंवा नंतरचं मेडल घरात असेल आणि घरात विधवा असेल, तर ती कुठल्या मदतीला पात्र आहे का, हे तिथं जाऊन एकदा विचारून या. कागद हरवलेत म्हणून घरी बसू नका, मेडलवरचा नंबर लिहून न्या.

मग वहिनींनी काय केलं

परत येताना एसटीत आम्ही यावर बोललो. विकणं म्हणजे पाप, असं आम्ही म्हणत नाही. पोरीच्या शिक्षणापेक्षा माळ्यावरचा बिल्ला मोठा नाही. पणजेसासरेही नाहीतरी पोराबाळांसाठीच समुद्रापार गेले होते. पण न वाचता, वजनावर, घाईत विकायचं नाही, एवढं नक्की ठरलं. गटानं फीच्या हप्त्यापुरतं अंतर्गत कर्ज वहिनींना दिलं. परतफेड दर महिन्याला चालू आहे. पुढं कधी विकायचं झालं तर त्या तिन्ही एकत्र, माहितीसकट, जाणत्या माणसाला दाखवून विकतील. ते त्यांचं त्या ठरवतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासूबाईंजवळ बसलो. वहीत लिहून घेतलं. पणजेसासऱ्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, गाव, वाडी, भावकी. मग विचारलं, "त्यांच्या बायकोचं नाव काय होतं?" सासूबाई थोडा वेळ थांबल्या. त्यांना त्यांच्या आजेसासूचं नाव आठवायला दोन दिवस लागले. माहेरचं गाव आठवलं, लुगड्याचा रंग आठवला. नवरा लढाईला असताना तिनं एकटीनं दोन बैलांवर शेती केली, हे आठवलं. नाव तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या आठवलं. आम्ही तेही वहीत लिहिलं. त्या कागदाची घडी आता बिल्ल्यांसोबत त्याच डब्यात आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला हे काम घ्या. आपापल्या घरात, माहेरी आणि सासरी विचारा, असं काही आहे का. असेल तर कडेचे फोटो काढा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. एका कागदावर लिहा: हे कुणाचं, कुठल्या गावचं, बाप कोण, बायको कोण, परत आला की नाही आला. खाली तारीख घाला, लिहिणारीनं सही करा, आणि कागद त्या वस्तूजवळ ठेवा. हे काम आजच्या पिढीनं केलं नाही, तर पुढं कुणाला करताच येणार नाही.

पुण्याच्या त्या डब्यातलं मेडल आम्ही विकत घेतलं नाही. कडेचा फोटो मात्र आणला आहे. त्यावरचं नाव आम्ही इथं सांगत नाही, कारण ते कुणाचं तरी घर आहे आणि त्यांना आधी विचारायला हवं. पण आमच्या बाजूच्या गावांतल्या बैठकांना जातो तेव्हा तो फोटो सोबत असतो. कधी तरी कुणी तरी म्हणेल, "हे तर आमचे."